गोड्या पाण्यात धुतलेले सेल

आमच्या पेंढा साठवायच्या खोपीला आग लागली ती माझ्यामुळे, वहिनीच्या पोपटीमुळे नव्हे. एवढं एक वाक्य म्हणायला मला पुरी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी बाकी भरपूर बोललो. शाळेत बोललो, बाजारात बोललो, हळदीच्या मांडवात माईक धरून नाचणाऱ्यांना चढवलं. पण हे वाक्य काही बाहेर आलं नाही. आज लिहितो आहे ते हलकं वाटतंय म्हणून, आणि थोडं अशासाठीही की माझ्यासारखी चूक आमच्या किनाऱ्यावर आणखी कुणीतरी करत असणार, याची मला खात्री आहे.

मी एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, बुन्सेन बर्नर साफ करणं, सांगाड्याची निखळलेली बरगडी पुन्हा तारेने बांधणं ही माझी कामं. गावात मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात. चेष्टेने म्हणतात हे कळायलाही मला काही वर्षं लागली होती.

घर अलिबागहून जवळच, खाडीच्या अलीकडे. दादा आणि मी शेजारी शेजारी राहतो. अंगण एक, चुली दोन. भात निघालं की दादा त्याच जमिनीत वाल टाकतो आणि एका तुकड्यात पांढरा कांदा. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहावीत होतो, त्यामुळे तिला 'अगं वहिनी' म्हणायची सवय लागली ती कायमची. ती मात्र त्या दिवसापासून मला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणते. सहावीतल्या पोराला 'तुम्ही' म्हटलं की तो लगेच शहाणा झाल्यासारखा वागायला लागतो. माझं तसंच झालं.

सेलचा नाद शाळेमुळे लागला. कॉम्प्युटरच्या खोलीतल्या एका जुन्या लॅपटॉपची बॅटरी बसली होती. ती फेकायला दिली, ती मी घरी आणून उघडली. मला वाटलं होतं आत एखादी चपटी वडी असेल. निघाले सहा गोल सेल, गुलाबी प्लास्टिकच्या कातडीत, रिमोटमधल्या सेलपेक्षा जाड आणि बोटभर लांब. अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून त्यांना बाजारात अठरा-सहाशे-पन्नास म्हणतात. शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल आहे. हे समजलं त्या दिवशी मला एखाद्या जातीच्या आंब्याचं नाव कळावं तसा आनंद झाला. सहातला एकच मेलेला होता. बाकीचे पाच ठणठणीत. एकासाठी सगळे फेकले जात होते.

त्यातल्या एकाला मी दिव्याची पट्टी जोडली आणि अंगणात उजेड पडला. वहिनी कांद्याच्या माळा विणत बसली होती. तिने मान वर केली.

"भावजी, ह्यो काय पेन्सिल सेलचा बाप?"

"वहिनी, याच्यात पेन्सिल सेलच्या कितीतरी पट ताकद असते. आणि संपला की पुन्हा भरता येतो."

"मंग दोन तुमच्या अंगात घाला. सकाळी उठायला बरं."

असं म्हणाली, पण त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा सगळ्या माळा तिने त्याच उजेडात पुऱ्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कठड्यावर वाटीत झाकलेलं वालाचं बिरडं ठेवलेलं होतं. ती काही देताना असंच देते, बोलत नाही.

मग मला कोण आवरणार? भंगारवाल्याकडून मी लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या आणू लागलो. सेल सोडवायचे, मीटरने तपासायचे, चांगले निवडायचे. वहिनीला कपाळावर बांधायची बत्ती करून दिली. पहाटे दव असताना शेंगा खुडायला ती बरी पडायची. लांबून बघितलं तर शेतात एक चांदणी वाकून वाकून चाललेली दिसायची. तिचं बघून शेजारणी आल्या. मग थळचा माझा एक कोळी मित्र आला. लहानपणी आम्ही एका बाकावर होतो, त्याने शाळा सोडली आणि होडी धरली. त्याला मी भली मोठी बत्ती करून दिली, दोन सेलची.

"दादूस," तो म्हणाला, "ही बत्ती न्हाय, सूर्य हाय. मासं दिपून आपसूक होडीत उड्या मारतील बघ."

त्या सूर्यानेच पुढचं सगळं केलं. सूर्याची चूक नव्हती.

आता पोपटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण रायगडच्या बाहेर ती अनेकांना ठाऊक नसते. वालाच्या शेंगा भरल्या की थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पोपटी लागते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा, म्हणजे बांधावर उगवणाऱ्या एका उग्र वासाच्या झुडपाचा, पाला घालायचा, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या शेंगा, मधे अंडी, कांदे, रताळी, असेल तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही. मडक्यावर पाणी शिंपडून, ते कसं चुरचुरतं ते ऐकून ओळखायचं. इतरांची अर्धी कच्ची निघते किंवा खाली करपते. वहिनीची कधीच नाही. आमच्या आळीत पोपटी लावायची तर मडक्याला पहिला हात वहिनीचा, हे ठरलेलं. पुरुष मंडळी जाळ घालतात, गाणी म्हणतात, मोठमोठ्याने सूचना देतात. वहिनी एका बाजूला उभी असते आणि फक्त म्हणते, "आता काढा." की काढायची.

जागाही तीच ठरवायची. चिमूटभर भुसा हवेत सोडायचा, तो कुठे जातो ते बघायचं आणि ठिणग्या मोकळ्या खाचराकडे जातील अशा बेताने मडकं ठेवायचं. इतक्या वर्षांत एक काडी इकडची तिकडे पेटली नव्हती.

त्या दिवशी सकाळी कोळी मित्र तोंड पाडून आला. बत्ती होडीच्या तळाला साचलेल्या पाण्यात रात्रभर पडून होती. खारं पाणी.

"उद्या पहाटे जायाचं हाय. आज करून दे, दादूस. तुझ्याबिगर कोन हाय?"

'तुझ्याबिगर कोण आहे' म्हटलं की मी विरघळतो. शिवाय आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांची एक समजूत आहे. समुद्राने भिजवलेली वस्तू गोड्या पाण्यात धुतली आणि उन्हात वाळवली की वाचली. आणि बहुतेक वेळा ती वाचतेही. होडीचं इंजिन वाचतं, जाळी वाचते, मोटरसायकल, घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, सगळं वाचतं. आजोबांपासून सगळे हेच करत आले. मी बत्ती उघडली, दोन्ही सेल काढले, विहिरीच्या पाण्याने दोनदा स्वच्छ धुतले आणि खोपीच्या पत्र्यावर उन्हात ठेवले. शेजारी वहिनीची सुकट वाळत होती.

दुपारी बघितलं तर दोन्ही सेलच्या डोक्याशी, कातडी जिथे संपते तिथे, तांबूस गंजाचं कडं आलं होतं. एकाची कातडी तिथेच फाटली होती. मीटर लावला. एक दीड व्होल्ट, दुसरा दोनच्या आत. भरलेला सेल चार व्होल्टच्या थोडा वर असतो, आणि तीनच्या खाली तो उतरू द्यायचा नसतो, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. चार्जरनेही त्यांना ओळखलं नाही. यंत्र शहाणं होतं. ते नको म्हणत होतं. मग मी एका भरलेल्या सेलच्या तारा त्यांना थोडा वेळ लावून त्यांना 'उठवलं', आणि दोन्ही सेल चार्जिंगच्या छोट्या पट्टीला जोडून ती खोपीतल्या पंपाच्या बोर्डाशेजारी खांबाला टांगली. तांबडा दिवा लागला. भोवती तीन बाजूंना पेंढा. मी स्वतःवर खूश होऊन पोपटीला गेलो.

पोपटी अशी काही निघाली होती त्या संध्याकाळी! शेंगेचं साल सोलताना वाफ नाकात जायची आणि दाणे लोण्यासारखे. दादा केळीच्या पानावर शेंगांचा ढीग लावून बसला होता. कोणीतरी वहिनीला म्हणालं की हॉटेलवाले तुला पळवून नेतील. ती म्हणाली, "नेतील, पन ह्यांना जेवायला कोन घालंल? ह्यांना अंडं सोलता येत न्हाय." दादाने मान वर न करता कबूल केलं, येत नाही.

तेवढ्यात खोपीकडून एक आवाज आला. फट्. मग पुन्हा एक. कोणीतरी म्हणालं, फटाका कोणी लावला? आम्ही वळून बघेपर्यंत पांढरा धूर आणि त्यामागून जाळ.

फार लांबवत नाही. पळापळ झाली, दादाने म्हैस सोडली, विहिरीवरून कळशा आल्या, पंप चालू करायला गेलो तर बोर्डच जळत होता. खोप आणि वर्षाचा पेंढा गेला. माणूस, जनावर, कुणाला काही झालं नाही. सगळं विझल्यावर एकमेकांचे काळे चेहरे बघून दोघंतिघं हसलेसुद्धा. मग कोणीतरी म्हणालं, "ठिणगी गेली पोपटीची."

वहिनी म्हणाली, "वारा तर खाडीकडं व्हता, खोपीकडं न्हाय. मी बघितलं व्हतं."

"वहिनी, मतलई सुटली असंल, रातचा उलटा वारा. वारा काय सांगून वळतो?"

तिने माझ्याकडे बघितलं. का माझ्याकडेच, तर मी शास्त्रज्ञ. आणि मी म्हणालो, "हो. मधेच वळला होता वारा."

वळला नव्हता. मला चांगलं माहीत होतं, कारण जेवताना सगळा धूर खाडीकडे चालला होता आणि मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसलो होतो. पण तेवढं एक वाक्य मी म्हणालो आणि वहिनीने मान हलवली. तिला ते पटलं. त्या पटण्याचं ओझं मी दोन वर्षं वाहिलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून राखेत हात घातला. दोन लोखंडी नळकांडी सापडली. एकाचं डोकं उडून आत पोकळ झालेलं. दोन्ही खिशात घातली.

वहिनीला कोणी रागावलं नाही. हे सांगायला हवं. दादाने नवीन खोप बांधली, शेजाऱ्यांनी थोडा थोडा पेंढा दिला. पण आळीत बोलणं फिरत राहिलं की आता तिचं वय झालं, लक्ष राहत नाही. लग्न होऊन गेलेली पुतणी रोज फोनवर विचारायची, "आई, गॅस बंद केलास ना?" आणि वहिनी, जिने चाळीस माणसांचा स्वयंपाक एका डोळ्याने सांभाळला होता, ती उठून जाऊन गॅस बघून यायची. चुलीतल्या राखेवर पाणी टाकून झाल्यावर पुन्हा हात लावून बघायची. एकदा अर्ध्या वाटेवरून, बाजाराला निघालेली, परत आली. मी अंगणात होतो. मला बघून हसली आणि म्हणाली, "म्हटलं बघून येते. हल्ली भरवसा न्हाय माझा."

पुढच्या थंडीत वाल भरले. दादाने विचारलं तर ती म्हणाली, "यंदा न्हाय. माझ्याच्यानं आता जमायचं न्हाय." दादाने समुद्राकाठच्या एका हॉटेलातून पोपटी आणवली. पर्यटकांसाठी लावतात तसली. वहिनीने एक शेंग सोलली, दाणा दातांखाली धरला, गिळला, आणि उरलेली शेंग ठेवून दिली.

त्यानंतर मी ती दोन नळकांडी घेऊन अलिबागला गेलो. तिथे इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिशीतली, पत्र्याच्या शेडमध्ये एकटी काम करते. मी काही सांगायच्या आधीच तिने नळकांडं हातात फिरवून बघितलं.

"काका, हा पाण्यात पडला होता का?"

"खाऱ्या पाण्यात. पण मी लगेच गोड्या पाण्यात धुतला."

"धुतला? आणि मग उन्हात वाळत घातला असेल, बोंबलासारखा?"

"हो."

"मीठमसाला लावला का?"

मी हसलो. खूप महिन्यांनी या विषयावर हसलो. मग तिने मला स्टूल दिलं आणि जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. ती म्हणाली, इंजिन धुतलं की वाचतं, कारण ते बंद असतं. सेल बंद नसतो. तो पाण्यात पडल्या क्षणापासून काम करत राहतो, खाऱ्या पाण्यातून त्याचा करंट वाहतो आणि त्यात त्याचं स्वतःचंच डोकं गंजतं. त्या डोक्याखाली आतला दाब बाहेर सोडायची वाट असते, पाणी आत येऊ न देणारं सील असतं. ते गेलं की वरून कितीही घासा. आणि सेल फार उतरून तसाच पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं, मग भरताना नको तिथे जाऊन बसतं. आतल्या आत शॉर्ट.

"उठवला का तुम्ही याला?"

"उठवला."

"मेलेल्याला उठवायचं नसतं काका. चार्जर नाही म्हणतो तेव्हा त्याचं ऐकायचं."

सेलचं सगळं बाहेरचं अंग वजा बाजू असतं, हेही मला तिथेच नीट कळलं. अधिक बाजू म्हणजे फक्त डोक्यावरची टिकली, आणि दोघांच्या मधे कागदाचं एक पातळ कडं आणि ती प्लास्टिकची कातडी, बस. कातडी फाटली की भिंत पडली. म्हणून सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, त्याला प्लास्टिकची डबी हवी. मी वर्षभर दोन दोन सेल पँटच्या खिशात घालून शाळेत गेलो होतो. तिला सांगितलं नाही. तिने ओळखलं असावं, कारण जाताना तिने एक डबी हातात ठेवली. मेलेले सेल टोकांना चिकटपट्टी लावून तिच्याकडे आणून द्यायचे, कचऱ्यात नाही, जमिनीत पुरायचे नाहीत, खाडीत तर मुळीच नाही, असंही बजावलं. जुने सेल नेणारी गाडी तिच्याकडे येते.

मी परत आलो तो वेगळाच माणूस होऊन. गावात जिथे जिथे माझ्या बत्त्या होत्या त्या सगळ्या गोळा करायला निघालो. लोकांना वाटलं परत मागतोय.

"शास्त्रज्ञ आले, उजेड जप्त करायला!"

"अरे, जप्त नाही, तपासायला."

"आमची बत्ती काय दहावीला बसलीय?"

पण दिल्या. सुट्टीच्या दिवशी अंगणात फरशीचा तुकडा मांडून बसलो. ठेचलेला सेल बाजूला, गंजलेला बाजूला, फुगीर बाजूला, हाताला गरम लागणारा बाजूला. फाटकी कातडी असलेल्यांना नवी कातडी. एकाने बाजारातून वीज धरायच्या क्षमतेचा आकडा 'नऊ हजार नऊशे' छापलेला सेल आणला होता. या मापाचा सेल त्याच्या निम्मंही धरत नाही. हातात घेतला तर पोकळ शिंपल्यासारखा हलका. आम्ही दोघं खूप हसलो. चार्जिंग फक्त फरशीवर, जवळ पेंढा, कापड, कागद काही नाही, आणि माणूस समोर. चार्जर तोच, जो सेल भरला की आपोआप थांबतो. कोळी मित्राला मी स्वच्छ सांगितलं, समुद्रात पडलेली बत्ती धुवायची नाही. सेलपर्यंत हात पोचत असला आणि तो गरम नसला तर काढायचा, मोकळ्या जागी ठेवायचा आणि मला हाक मारायची.

"आन् धुतली तर?"

"तर होडी जळेल, तुला तिच्यात झोपायला जागा राहणार नाही."

"होडीत झोपतंय कोन? बायको फोन करून उठवते ना सारखी," तो म्हणाला. तेव्हापासून तो नियम पाळतो.

या सगळ्यात मी आनंदी होतो. हात कामात असले की मन गप्प बसतं. खरं म्हणजे मी प्रत्येकाचा सेल तपासत होतो आणि ज्या माणसाला सांगायचं होतं त्याला सोडून सगळ्यांना सांगत होतो.

यंदा वाल भरायला लागले तेव्हा एके सकाळी वहिनी तिची कपाळावरची बत्ती घेऊन आली. सेल तिने स्वतःच काढून डबीत घातला होता. मी शिकवलं होतं तसं. चार्जरमध्ये टोकं बघून लावला, फरशीवर ठेवला, फरशीवरचं वाळलेलं एक पान फुंकून उडवलं आणि समोर पाटावर बसून राहिली. तासभर. कांदे सोलत, नजर त्या तांबड्या दिव्यावर.

"वहिनी, मी आहे इथे. तू जा."

"न्हाय, बसते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही केवढं जपता, भावजी. मी त्या दिवशी एवढं जपलं असतं तर तुमच्या दादाची खोप गेली नसती."

मला वाटलं छातीत काहीतरी फुटलं, फट्. मी घरात गेलो, कपाटातून ती दोन नळकांडी आणली आणि तिच्या पाटाशेजारी ठेवली.

"ही खोपीत सापडली मला. आग यांनी लागली. मी लावून ठेवले होते. समुद्रात भिजलेले, गंजलेले, मला दिसत होतं तरी लावले आणि पोपटी खायला आलो. तुझी ठिणगी नव्हती."

तिने एक नळकांडं उचललं, त्याच्या फुटक्या डोक्यात बघितलं.

"आन् वारा?"

"वारा खाडीकडेच होता, वहिनी. वळला नव्हता. मी खोटं बोललो."

मी रागाची वाट बघत होतो. पण आधी आलं ते काहीतरी वेगळंच. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, दुसरा शब्द नाही.

"मंजी मला बरोबर कळलं होतं," ती म्हणाली. "भुसा सोडला व्हता मी. दोनदा सोडला व्हता." मग स्वतःशीच, हसत, "वाराबी कळत व्हता आन् सगळं कळत व्हतं."

आणि त्यानंतर राग आला.

"दोन वरसं, भावजी! दोन वरसं मी गॅसचं बटन बघत फिरते! लेक मला फोनवर शिकवते! आन् ती हॉटेलची पोपटी, आत कच्ची, भायेर कोळसा, ती मी गिळली, गप्प बसून, का तर म्हटलं आपल्याला काय तोंड हाय बोलायला!" तिच्या हातातला कांदा माझ्या दिशेने आला. मी चुकवला नाही. खांद्यावर लागला. पांढरा कांदा, लहानसाच.

मी तिच्या पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"मला एकटीला सांगून काय व्हनार? त्या दिवशी जेवढे व्हते तेवढ्यांसमोर तुम्ही म्हणालात ना वारा वळला? त्येवढ्यांसमोरच बोला."

"बोलतो."

"रविवारी. मी पोपटी लावते." आणि उठून आत जाता जाता, "शेंगा तुम्ही खुडायच्या. पाला तुम्ही आनायचा. गोवऱ्याबी तुम्हीच."

रविवारी सगळे आले. दादाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "एवढं पोटात घेऊन जेवत होतास होय रे?" एवढंच. कोळी मित्र बोंबील घेऊन आला. आळीतली माणसं, शेजारणी, फोनवरून गॅस विचारणारी पुतणी तिच्या नवऱ्यासह. वहिनीने दोन वर्षांनी मडक्याला हात लावला. भांबुर्डीचा वास सगळ्या शेतभर सुटला. तिने चिमूटभर भुसा हवेत सोडला, बघितलं, आणि मडक्याची जागा हातभर सरकवली. जाळ लागला. कोणीतरी गाणं धरलं. पुरुष मंडळी पुन्हा मोठमोठ्याने सूचना देऊ लागली आणि वहिनी पुन्हा त्यातली एकही ऐकेना.

तिने मडक्यावर पाणी शिंपडलं. चुरचुर ऐकली. अजून वेळ आहे, असं बोटाने दाखवलं, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे आता तुम्ही बोला.

मी उभा राहिलो.

"शास्त्रज्ञांचं भाषण!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

"भाषण नाही," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी इथे आग लागली. तुम्हाला वाटलं पोपटीची ठिणगी. ती ठिणगी नव्हती. मी खोपीत दोन खराब सेल चार्जिंगला लावले होते. ते खाऱ्या पाण्यात भिजले होते, गंजले होते. मला कळत होतं, तरी लावले."

"दादूस, म्हंजे माझी बत्ती?" कोळी मित्र म्हणाला.

"बत्ती तुझी, चूक माझी. तू आणून दिलीस, धुतली मी, उठवली मी, पेंढ्यात टांगून जेवायला मी आलो. त्यानंतर वहिनी म्हणाली की वारा खाडीकडे होता. तो खाडीकडेच होता. मी तुमच्या सगळ्यांसमोर म्हणालो की वळला. ते खोटं होतं. तुम्ही तिला म्हणालात की वय झालं, लक्ष राहत नाही. ते माझ्या खोट्यावरून म्हणालात. तिचं लक्ष तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे."

मी वहिनीकडे वळलो. ती हात बांधून उभी होती, मडक्याकडे एक डोळा ठेवून.

"वहिनी," मी म्हणालो, "सेल जळले ती माझी चूक होती. पण तुझ्यावर येऊ दिलं, तो गुन्हा होता. दोन वर्षं तू स्वतःवर संशय घेत राहिलीस आणि मी समोर राहून बघत राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर."